बाबा काही बसत नाहीत

त्या आठवड्यात तेजसने मला चौथ्यांदा सांगितलं, "तू बोल ना बाबांशी. तुझं ऐकतील ते."

मी नुकतीच शाळेतून आले होते. कोपरखैरण्याच्या एका शाळेत मी क्लार्क आहे आणि तो दहावीचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. दोनशे चाळीस फॉर्म तपासून डोळे चुरचुरत होते. पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधीच नवरा समोर उभा.

"वडील तुझे आहेत," मी म्हटलं. "तूच बोल."

"मी बोललो की भांडण होतं."

"आणि मी बोलले की?"

"तुला ते उलट बोलत नाहीत."

ते मात्र खरं होतं. मी काही सांगितलं की सासरे 'बरं पोरी' म्हणायचे, मान हलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला चपला हातात घेऊन, कडीचा आवाज न करता, पुन्हा निघून जायचे. साठी ओलांडलेला माणूस कामावर जायला असा चोरासारखा घराबाहेर पडतो, हे मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

माझे सासरे नामा म्हात्रे मूळ बोनकोड्याचे. गावाची शेती नव्या शहरासाठी गेली तेव्हा प्रकल्पग्रस्त म्हणून त्यांना रबाळ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. बावीस वर्षं केली. त्यातली शेवटची पंधरा पंपहाउसमध्ये. पंचाण्णवच्या मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन कारखान्याने निरोप दिला. त्याच सुमाराला, गेलेल्या शेतीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवर तेजसने तीन मजली बिल्डिंग उभी केली होती. खाली आम्ही, वर बारा भाडेकरू. तेजसने वडिलांसाठी जाड गादीची आरामखुर्ची आणली, केबल घेतली आणि सांगितलं, "बाबा, खूप केलंस. आता फक्त बसायचं."

महिनाभर ते खरंच बसले. मग उठले ते उठलेच. घरातला एकही नळ त्यांनी सोडला नाही. जो ठिबकत नव्हता तोही खोलून पुन्हा बसवला, आणि इतका आवळला की भांडी घासताना माझं मनगट दुखायला लागलं. सासूबाई बोंबील साफ करायला बसल्या की हे शेजारी उकिडवे बसून, सुरी कशी धरायची ते सांगणार. चाळीस वर्षं त्या बाईने मासळी साफ केलेली. शेवटी तर ते सकाळी सहाला भाडेकरूंच्या दारात जाऊन फ्लशची टाकी बघू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या नवीन जोडप्याने तेजसला हात जोडून सांगितलं, "भाऊ, भाडं वाढवा पाहिजे तर, पण काकांना आवरा."

म्हणून मग त्यांना बाहेर काहीतरी मिळालं तेव्हा सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पण तेजसचं डोकं फिरलं.

मिळालं होतं ते असं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर नीलगंगा सोसायटी आहे. चार बिल्डिंगा, शहाण्णव घरं, सगळे नोकरदार. एके सकाळी सासरे भाजीला म्हणून निघाले, आणि त्या सोसायटीच्या गेटापाशी पंपाचा आवाज ऐकून थांबले. तसेच आत शिरले. वॉचमन अडवतोय तर त्याला म्हणाले, "पंप हवा खातोय, तुला ऐकाला येत नाय?" अर्ध्या तासाने ते बाहेर आले तेव्हा पंप नीट चालत होता, भाजीची पिशवी रिकामी होती आणि त्यांना नोकरी लागली होती. सकाळी पाच ते आठ, संध्याकाळी पाच ते सात. पाणी यायच्या वेळेला पंप चालू करायचा, एकेक व्हॉल्व्ह सोडून चार बिल्डिंगांच्या टाक्या भरायच्या, बंद करायचा.

"बारा भाडेकरू आहेत आपले," तेजस मला ऐकवत होता. जणू मीच त्यांना नोकरीला लावलं होतं. "गावात मला लोक शेठ म्हणतात. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं बोलणं चाललंय. आणि माझा बाप खाकी हाफपँट घालून परक्या सोसायटीत पंप चालवतो! काल पाटलांचा पोरगा सगळ्यांसमोर विचारतो, काय रे, भाडं येत नाही काय वेळेवर?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? हसलो."

कमरेचा पेजर त्याने उगीच काढून बघितला. तो पेजर त्याने वर्षापूर्वी घेतला होता. त्यावर बहुतेक निरोप मीच पाठवायचे, येताना कोथिंबीर आण म्हणून.

त्या संध्याकाळी सासरे परत आले तेव्हा तेजसने विषय काढलाच.

"बाबा, तुला काय कमी आहे इथे?"

"काय पन कमी नाय."

"मग कशाला जातोस?"

"मना बसवत नाय." सासऱ्यांनी पायावरचं पाणी झटकलं, माझ्या पुसलेल्या फरशीवर. "मी काय आजारी हाय?"

"आजारी नाहीस, पण वय झालं ना! सरकारपण अठ्ठावन्नला घरी पाठवतं माणसाला."

"सरकारला पाठवू दे. मी माज्या पायांनी जातो."

"लोकं काय बोलतात माहीत आहे?"

तेवढ्यात सासूबाई आतून बाहेर आल्या. मालतीबाई म्हणजे गावात कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई. त्या मुलाला म्हणाल्या, "लोकांना बोलू दे. तू त्याला घरान बसवशील, आनि जीव कोनाचा खाईल तो? माजा. जाऊ दे त्याला."

"आई, तू तरी समजून घे!"

"मी चाळीस वर्सं समजूनच घेतंय," म्हणून त्या आत गेल्या.

मग तेजसने दुसरा मार्ग काढला. रविवारी सकाळी तो नीलगंगा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जायला निघाला आणि मलाही बरोबर घेतलं. "तू शिकलेली आहेस, नीट बोलशील." मला आठवड्याचे कपडे धुवायचे होते. पण गेले.

सेक्रेटरी सुधीर कर्णिक मुंबईत विमा कंपनीत होते. पन्नाशीच्या पुढचे, अंगात बनियन, हातात पाण्याच्या तक्रारींची वही. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला. तेजसने त्याला जमेल तितकं गोड बोलून सांगितलं की वडिलांचं वय झालंय, घरी सगळं आहे, तुम्ही त्यांना कामावरून काढून टाका.

कर्णिकांनी वही मिटली. "काढतो की. आजच काढतो. उद्या सकाळी पाचला पाणी तुम्ही सोडायला येणार का?"

"मी? मी कशाला?"

"मग कोण येणार? म्हात्रेसाहेब, तुमच्या वडिलांच्या आधी दोन वर्षांत पाच माणसं झाली इथे. एक झोपायचा. एक प्यायचा. एकाने मोटर जाळली. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका माझ्या दारात कळशा घेऊन उभ्या राहायच्या. आठ महिने झाले, माझ्याकडे एक तक्रार नाही. ही वही बघा." त्यांनी खरंच वही उघडून कोरी पानं दाखवली. "मी त्यांना काढायचं म्हणजे मला घर विकून जावं लागेल."

चहा पिऊन आम्ही परत आलो. वाटेत तेजस एक शब्द बोलला नाही. मी पण नाही, कारण बोलले असते तर हसले असते.

जानेवारीत व्हायचं ते झालं.

सी बिल्डिंगची टाकी भरून वाहत होती, म्हणून सासरे गच्चीवर गेले. टाकीवर चढायला लोखंडी शिडी होती. ती कडेला गंजलेली आहे हे त्यांनीच कर्णिकांना दोनदा सांगितलं होतं. पण टाकी वाहतेय म्हटल्यावर त्यांना कुठला धीर. वरची पायरी निखळली आणि पाच फुटांवरून ते गच्चीवर पडले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. वॉचमन सांगत होता, पडल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर डावा हात हलवत खाली ओरडले, "सीचा वॉल बंद कर!"

मला शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा तेजस आधीच दवाखान्यात होता. शर्ट घामाने भिजलेला, ओठ पांढरे. सासरे मात्र प्लॅस्टरच्या हाताकडे, कुणी दुसऱ्याचा हात आपल्याकडे ठेवायला दिल्यासारखं बघत बसलेले.

डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. "छान आहे. एकशे तीस आणि ऐंशी. या वयाला एकदम उत्तम." मग त्यांची नजर तेजसकडे गेली. "तुम्ही का एवढे घामाघूम? या इकडे, हात द्या." पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. "एकशे साठ आणि शंभर. वय काय तुमचं?"

"पस्तीस."

"काम काय करता?"

तेजसने शर्टाची बाही खाली ओढली. मग म्हणाला, "बिल्डिंग आहे."

"ती आहे हो. पण तुम्ही काय करता?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ डॉक्टरांनी त्याच्यावर येऊ दिली नाही, कारण बाहेर पुढचा पेशंट रडत होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं. बापाला प्लॅस्टर आणि मुलाला गोळ्या, असे दोघांना घेऊन मी रिक्षाने घरी आले.

त्या रात्री तेजस माझ्याशी भांडला. "तुम्ही सगळ्यांनी त्यांना डोक्यावर चढवलंय. हाताऐवजी डोकं फुटलं असतं तर?" आणि मग एकदम त्याचा आवाज चिरकला. तोंड फिरवून म्हणाला, "मला वाटलं, गेलेच." तेव्हा मला कळलं की पाटलांच्या पोराचं बोलणं, निवडणूक, हे सगळं वरवरचं होतं. हा माणूस इतके महिने रोज पहाटे साडेचारला जागा व्हायचा, आणि बाप परत येईपर्यंत त्याला झोप लागायची नाही. मला एका शब्दाने सांगितलं असतं तर! पण नाही. शेठ ना.

सहा आठवड्यांचं प्लॅस्टर होतं. तेजसने जाहीर केलं की आता पंप संपला. सासऱ्यांनी या वेळी 'बरं' म्हटलं आणि खरंच बसले. मला वाटलं, सुटलो. पाचव्या दिवशी संध्याकाळी कर्णिक दारात.

त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. सोसायटीने पंपाचं काम वॉचमन नंदकिशोरकडे दिलं होतं. चार बिल्डिंगांचे चार व्हॉल्व्ह एका रांगेत. कुठला कुणाचा ते त्याला कळेना. त्याने अंदाजाने उघडले. डीची टाकी तासभर वाहत राहिली, एच्या लोकांना थेंब नाही, आणि त्या गडबडीत खालची टाकी रिकामी होऊन पंप कोरडाच फिरला. आतला सगळा भाग जळाला. दोन दिवस शहाण्णव घरं टँकरवर होती.

"आतले भाग नवीन टाकून पंप दुरुस्त करून घेतलाय," कर्णिक म्हणाले. "पण नामाभाऊ, एक सांगा. त्या व्हॉल्व्हांवर पूर्वी पांढऱ्या रंगात ए, बी, सी, डी लिहिलेलं होतं. मी स्वतः पाहिलंय. ते गेलं कुठे?"

सासरे छताकडे बघू लागले.

"आणि डावीकडून पहिला तो ए, असं मला वाटायचं. तर त्याच्यातून पाणी सीला जातं!"

"जुना पाइप सडला होता. मी बदलला," सासरे पुटपुटले.

"बदललात ते चांगलं केलंत. पण सांगायचं ना कुणाला!"

तेजसने हाताची घडी घातली होती. "कर्णिकसाहेब, बाबा कुठेही येणार नाहीत. काय विचारायचं ते इथेच विचारा."

सासरे उठले. डाव्या हाताने चप्पल ओढली. "इथून कसं सांगू? पानी काय इथून दिसतंय?" आणि निघाले. कर्णिक त्यांच्या मागे, तेजस कर्णिकांच्या मागे, "बाबा! बाबा, थांब!" करत. गॅसवर डाळ होती. मी ती बंद करून त्यांच्या मागे.

पंपाची खोली म्हणजे सहा बाय आठची. आम्ही पोचलो तेव्हा सासरे प्लॅस्टरचा हात छातीशी धरून उभे होते आणि डाव्या हाताने व्हॉल्व्हचं चाक फिरवायचा प्रयत्न करत होते. नंदकिशोरने ते इतकं आवळलं होतं की हलेना. सासऱ्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"सोड!" तेजस ओरडला. "सोड तू! दुसरा हात मोडून घे आता!" आणि त्याने स्वतः चाक धरलं. पांढरा शर्ट, मनगटात सोन्याचं कडं. एक झटका दिला, चाक फिरलं, आणि वरच्या जोडातून पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या छातीवर.

"उलटा फिरव," सासरे शांतपणे म्हणाले. "तो डीचा हाय."

त्या दिवशी एकेक व्हॉल्व्ह उघडून, वर माणूस पाठवून, कुठे पाणी पडतं ते बघून, मी खडूने नाव लिहिलं. तास गेला. चारही टाक्या भरल्या. बायका गॅलरीतून बघत होत्या. तेजस कोपरापर्यंत काळा झाला होता आणि कुणाशीही बोलायच्या मनःस्थितीत नव्हता.

घरी परतताना तो पुढे तरातरा गेला. मी सासऱ्यांबरोबर मागे राहिले. मला राग आला होता, आणि या वेळी मी तो गिळला नाही.

"बाबा, ती अक्षरं तुम्ही पुसलीत ना?"

त्यांनी प्लॅस्टरची कड नखाने खरवडली. मग म्हणाले, "पॉलिश पेपरनं घासली."

"का? शहाण्णव घरांना दोन दिवस पाणी नव्हतं. लहान मुलं आहेत त्यांच्यात."

"मना ठाव हाय."

"मग?"

ते थांबले. रस्त्याच्या कडेला नव्या बिल्डिंगचं काम चालू होतं. तिथल्या विटांच्या थप्पीवर टेकले. "पोरी, कंपनीन मी पंधरा वर्सं पंपावर होतो. रिटायर होवाच्या आधी साहेब बोलला, नामा, सगलं सांग, कुठला वॉल कवा सोडाचा, कुठला आवाज आला का काय कराचा. मी सांगलं. त्यानं लिवून घेतलं. दोन पानं झाली. पंधरा वर्सांची दोन पानं." त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली. "दुसऱ्या दिवशी मी गेटावर गेलो, पास जमा कराला. आतून पंपाचा आवाज येत होता. बरोबर चालला होता. मी नसताना."

पुसलेल्या अक्षरांचा राग गेला नव्हता. पण तो पुढे चालवायला जोर राहिला नाही.

"तरी पण ते चुकीचं होतं," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "चुकीचंच."

पुढच्या रविवारी मी पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश घेऊन गेले आणि चारही व्हॉल्व्हांवर ठसठशीत अक्षरं काढली. सासरे सांगत होते, मी वहीत लिहून घेत होते. पहिल्यांदा बी, कारण तिची टाकी लहान. मग ए. सीचा व्हॉल्व्ह अडीच फेरे सोडायचा आणि आवाज बदलेपर्यंत थांबायचं.

"आवाज बदलतो म्हणजे कसा होतो?" मी पेन थांबवलं.

"जड होतो."

"जड म्हणजे?"

त्यांनी विचार केला. तोंडाने दोन-तीन आवाज काढून पाहिले. शेवटी म्हणाले, "ते लिवता येनार नाय. तेजसला ऐकाला लागंल."

आणि अशा रीतीने, प्लॅस्टर निघेपर्यंत, सकाळ-संध्याकाळ पंपावर तेजस. पर्यायच नव्हता. नंदकिशोरने पंपाला हात लावायला साफ नकार दिला होता, आणि कुणी नसलं तर म्हातारा एका हाताने चाक फिरवणार हे तेजसने पाहिलं होतं. पहाटे साडेचारला आमच्या घरात आता चपला हातात घ्यायची गरज उरली नाही. दोघं भांडत उठायचे, भांडत दात घासायचे आणि भांडतच बाहेर पडायचे.

"काल तू सी लवकर बंद केलास."

"आवाज जड झाला होता!"

"तो जड नाय, तो खोकला. खोकल्यातला आनि जड झाल्यातला फरक तुला कलत नाय?"

"मी पंपाचा डॉक्टर आहे का, बाबा?"

घरी परत आल्यावर तेच भांडण नाश्त्यावर. सासूबाई म्हणायच्या, आधी एक होता, आता दोन झाले. माझी फरशी तर मी पुसायचीच सोडून दिली.

दुसऱ्या आठवड्यात तेजसचा पाटलांच्या पोराशी खटका उडाला. त्याने पुन्हा काहीतरी शेरा मारला असावा. तेजस मला फक्त एवढंच म्हणाला, "त्याला म्हटलं, ये एक दिवस पहाटे, चाक फिरवून दाखव. मग बोल." तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरकडे प्रेशर तपासलं, थोडं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालणं चालू ठेवा. तेजसने त्यांना खरं काय ते सांगितलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्लॅस्टर निघालं. मनगट बारीक आणि पांढुरकं दिसत होतं. त्याच रविवारी सोसायटीची मीटिंग होती. तिला आम्ही तिघंही गेलो, कारण विषयांच्या यादीत 'पंपचालकाचे वय' असा विषय होता. बी बिल्डिंगच्या एका गृहस्थांनी उभं राहून सांगितलं की उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, साठच्या वरचा कर्मचारी सोसायटीने ठेवूच नये. दोन-चार माना हलल्या. त्यांचं अगदीच चूक होतं असं मलाही म्हणता येईना. ते शिडीवरून पडल्यावर मी दवाखान्यात गेले होते.

सासरे मागच्या खुर्चीत ताठ बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. कारखान्याच्या गेटावर पास जमा करताना ते असेच दिसले असतील, असं मला वाटलं.

मग तेजस उठला. तीन-चार महिन्यांपूर्वी हाच माणूस इथे येऊन, वडिलांना काढून टाका म्हणाला होता.

"शिडीवर बाबा चढणार नाहीत," तो म्हणाला. "टाकीचं काय असेल ते मी वर जाऊन बघीन. शिडी तुम्ही नवीन करून घ्या, ती तुमची जबाबदारी. खालचं सगळं बाबा बघतील. वहीत सगळं लिहिलंय, व्हॉल्व्हवर नावं आहेत, कुणालाही चालवता येईल. तरीपण..." तो अडखळला. मानेवरून हात फिरवला. "तरीपण मी पाच आठवडे चालवलाय तो पंप. वही वाचून चालत नाही तो. मला अजून नीट येत नाही."

एवढंच बोलून तो खाली बसला आणि पेजर बघू लागला. कर्णिकांनी लगेच, "मंजूर समजायचं ना?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता पुढचा विषय घेतला. पार्किंगचा होता. त्यावर मात्र दीड तास भांडण झालं.

सासरे वाटेत मुलाला काही म्हणाले नाहीत. शाबासकी नाही, काही नाही. दोघांच्यात तशी पद्धतच नाही. फक्त घराजवळ आल्यावर म्हणाले, "खोकल्याचा आवाज तुला अजून कलत नाय, हे खरं बोललास."

तेजसने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

आता सगळं मार्गी लागलं असं मला वाटलं होतं. एप्रिलच्या एका रविवारी दुपारी जेवणं चालली होती. कोळंबीचं कालवण होतं. बेल वाजली. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी, नवीनच निवडून आलेले, हातात मिठाईचा पुडा. त्यांच्याकडे दोन पंप होते आणि दोन्ही रडत होते. कर्णिकांनी पत्ता दिला म्हणाले.

तेजस उष्ट्या हाताने दारात गेला. "नाही हो काका. बाबा एकसष्टचे झाले. एक सोसायटी आहे, तीच खूप झाली. आता आणखी काम नाही घ्यायचं, असं घरात ठरलंय."

असं घरात कधीच ठरलं नव्हतं, पण मी मान हलवली. सासूबाईंनीही हलवली.

सासऱ्यांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला, आणि पाहुण्यांकडे न बघता विचारलं, "मोटर किती हॉर्सपावरची?"

"एक पाचची, एक साडेसातची," ते गृहस्थ घाईघाईने म्हणाले.

"साडेसातची का बसवली? चार मजल्यांना?" सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. "कोनी सांगला तुमाला?"

"बाबा, जेव आधी!" तेजस म्हणाला.

ते हात धुवायला उठले होते. तेजसने माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता मी बोलायचं. मी त्याच्या ताटात उरलेली कोळंबी माझ्या ताटात घेतली, कारण मला माहीत होतं, तोही आता जेवत नाही. पाच मिनिटांत तिघंही गेटाबाहेर होते. तेजसचा आवाज रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. "शिडी कशी आहे ते आधी बघणार मी. शिडी बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही, बाबा, आधीच सांगतोय."